राहिलं ते सांगा

बडी सिस्टर स्ट्रेचरवर आडव्या झाल्या की आमच्या दवाखान्याचं वर्ष संपलं, असा हिशेब होता. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी दुपारी ओपीडीची गर्दी ओसरली की त्या फाटकाशी यायच्या, चपला काढायच्या, चष्मा एखाद्या शिकाऊ पोरीच्या हातात द्यायच्या आणि चांगली धडधाकट बाई स्ट्रेचरवर उताणी निजायची. मग म्हणायच्या, "चला, घेऊन चला पेशंटले." पुढे एक वॉर्डबॉय, मागे एक, आणि त्यांच्या मागे वऱ्हाड निघाल्यासारखे डॉक्टर, नर्सिंगच्या पोरी, कॅश काउंटरवाला, कँटीनवाला. फाटक, कॅज्युअल्टी, एक्स-रे, लिफ्ट, वरचा मजला, ऑपरेशन थिएटर. पेशंट ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं. वाटेत त्या फार बोलत नसत. उंबरठ्यावर चाक आदळलं की "धक्का." छतावरचा दिवा थेट तोंडावर आला की "डोळ्यात उजेड." दोन डॉक्टर वरच्या वर आपसात बोलायला लागले की "माझ्या डोक्यावरून बोलून राहिले." मागून एक पोरगी ते सगळं टिपून घ्यायची. "उभ्यानं पाहिलं त सगळंच चांगलं दिसते," त्या म्हणायच्या. "निजून पाहा."

त्या दवाखान्याच्या मेट्रन. पण गोंदिया हे अर्धं हिंदीत बोलणारं गाव, आणि भाजीबाजारापासून राइस मिलपर्यंत सगळे त्यांना बडी सिस्टर म्हणत. घर पोवारांचं, तिरोड्याकडच्या एका खेड्यातलं. दुकानदाराशी हिंदी, फोनवर भावाशी पोवारी, खेड्यावरून आलेल्या बाईशी झाडीबोली, असं त्यांचं चालायचं. पुस्तकातली मराठी त्या फक्त रागावल्या की बोलायच्या. "आपण हे कृत्य कोणत्या विचाराने केले?" असं वाक्य वॉर्डात ऐकू आलं की आम्ही सगळ्या हातातलं काम आणखी जोरात करायला लागायचो. कुणावर वीज पडणार ते ठाऊक नसायचं, पण पडणार हे नक्की.

मी मूळची रत्नागिरीकडची. शाळा सातवीत सुटली. नवरा वेल्डर; तिरोड्याला विजेचं मोठं केंद्र उभं राहत होतं, तिथं त्याला काम मिळालं आणि मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी समुद्र सोडून धानाच्या मुलखात आले. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. भाषेची, रेल्वेच्या फाटकाची, बँकेत सही करायची. त्यात दिवस पूर्ण भरायच्या आधीच पोट दुखायला लागलं. गोंदियाला आणलं, ऑपरेशन झालं, मुलगा झाला. मुठीएवढा. त्याला वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं आणि मला खालच्या वॉर्डात. नवऱ्याला कामावर जाणं भाग होतं. सासू दोन रात्रींच्या प्रवासाइतकी लांब. दर दोन-तीन तासांनी वरून निरोप यायचा, बाळाला पाजायला या. लिफ्ट स्ट्रेचरसाठी राखलेली होती, चालता येतं त्यांनी जिन्यानं जावं असा नियम. मला चालता येत होतं. म्हणजे भिंत धरून, पोट धरून, मध्ये एकदा बसून.

अशीच एका दुपारी वर पोचले, आणि समोर लिफ्टचं दार उघडलं. आतून स्ट्रेचर आलं. त्यावर पांढऱ्या साडीतली जाडजूड सिस्टर डोळे मिटून पडलेली, आणि मागे सगळे डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं. मला वाटलं, गेल्या. मी भिंतीला चिकटून उभी राहिले, हात जोडले, आणि का कोण जाणे मला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं साठलेलं असावं.

मढ्यानं मान उचलली. "काऊन रडून राहिली वो? मी मरली नाई अजून."

मागचं सगळं वऱ्हाड हसलं. मी आणखीच घाबरले. त्यांनी मला खालून वर पाहिलं, म्हणजे निजल्या निजल्या पाहिलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "कुठं चालली?"

"बाळाला पाजायला."

"कुठून आली?"

"खालून."

"जिन्यानं? टाके केव्हाचे आहेत?"

मी सांगितलं. बडी सिस्टर स्ट्रेचरवर उठून बसल्या. इतक्या वर्षांत फेरी मध्येच थांबली नव्हती, असं मला नंतर कळलं. त्या कुणावर ओरडल्या नाहीत. नुसत्या लिफ्टकडं पाहिलं, जिन्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आपण इतके वर्षं निजूनच पाहून राहिलो. ह्या त चालत येतात." खाली उतरल्या, मला त्या स्ट्रेचरवर बसवलं आणि काचेच्या दारापर्यंत स्वतः ढकलत नेलं. चपला खाली फाटकाशीच राहिल्या होत्या. अनवाणीच.

लिफ्टचा नियम त्याच दिवशी बदलला. पण लाइन गेली की लिफ्ट बंद, ऑपरेशनचा पेशंट असला की लिफ्ट अडलेली, आणि एकदा वर आलेल्या बायांना पुन्हा खाली जायचा जीवच होत नसे. सालेकशाकडच्या जंगलातल्या, केशोरीच्या, पार अर्जुनीकडच्या बाया वरच्या पॅसेजमध्ये फरशीवर लुगडं अंथरून पडायच्या. पोर काचेआड, आई दाराआड. बडी सिस्टरना हवी होती एक खोली. नवजात विभागाला लागून, पलंग असलेली. आयांनी निजावं, पोर रडलं की चार पावलांत पोचावं, एवढंच.

माझा मुलगा बरा झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी बसून का करशील? इथं मावशी लागते आम्हाले." मी म्हटलं, बाई, मी सातवी शिकलेली, मला भीती वाटते. "भेव लागते त लागू दे," त्या म्हणाल्या. "काम थांबवू नोको." नवऱ्यानं गोंदियाला खोली घेतली, तो रोज गाडीनं तिरोड्याला जाऊ लागला, आणि मी नवजात विभागात कपडे, दुपटी, वाट्या-चमचे उकळायला लागले. बाईंनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए रत्नागिरी!" म्हणायच्या. लांबच्या लांब जिल्हा असा व्हरांड्यात हाकारला गेला की सुरुवातीला लाज वाटे. पुढं पुढं ती हाक आली नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

फेरी संपली की हॉलमध्ये सभा. चहा आणि आलूबोंडे. अध्यक्षसाहेब, राइस मिलचे मालक, भला माणूस, ते उठून सुरू करायचे, "इस साल हमने..." आणि बडी सिस्टर हळूच खोकायच्या. त्यांचा कायदा एकच होता. "झालं ते सांगू नका. ते उभं आहे, दिसते. राहिलं ते सांगा." प्रत्येक विभागानं राहिलेलं एक काम सांगायचं, कोण करणार त्याचं नाव सांगायचं, आणि कधीपर्यंत ते सांगायचं. जो सांगणार नाही त्याला आलूबोंडा नाही. एका नव्या डॉक्टरांनी उठून सांगितलं, आमच्याकडं सगळं व्यवस्थित आहे. बडी सिस्टर म्हणाल्या, "वा. म्हणजे तुमचं काम संपलं. गाडी कितीची आहे, स्टेशनवर सोडाले येतो." ते बिचारे पुन्हा उठले आणि रक्ताच्या पिशव्यांबद्दल बोलले.

तारीख मात्र त्या कॅलेंडरची घेत नसत. मोहाची फुलं पडायच्या आधी, धानाची रोवणी लागायच्या आत, पोळ्यापर्यंत, धान घरात आल्यावर. मुंबईहून आलेले एक सल्लागार यावर हसले होते. बाई म्हणाल्या, "पेशंट ह्याच कॅलेंडरनं येते साहेब. रोवणीत बाई चिखलातून उठत नाई, दुखणं दाबून ठेवते. रोवणी सरली की एकदम येतात. मार्च-एप्रिल मले कायले सांगता?"

एका वर्षी त्या सभेत माझ्याकडं वळल्या. "ए रत्नागिरी, तुझं का राहिलं?" म्हटलं, काही नाही बाई. "मग आलूबोंडा ठेव खाली." सगळे हसले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गावी जायचं राहिलं. मुलगा झाल्यापासून आईला दाखवला नाही." बाई टिपून घेणाऱ्या पोरीला म्हणाल्या, "लिही. रत्नागिरीचं गाव. नाव, बडी सिस्टर. होळीच्या आत." शिमग्याला मी गावी होते. पालखी अंगणात आली तेव्हा मुलगा आईच्या कडेवर होता.

दरवर्षी त्यांचं स्वतःचं राहिलेलं एकच असायचं. सगळ्यांचं झालं की त्या उठायच्या. "आयांची खोली. नाव, मी." कधी पैसा रक्तपेढीला गेला, कधी मशीनला, कधी जागाच नव्हती. दवाखाना तर वाढत होता. नर्सिंगचं कॉलेज झालं, मग शिकाऊ डॉक्टर आले, मग मागच्या रिकाम्या जागेत नवी इमारत ठरली. त्या इमारतीचा नकाशा हॉलच्या भिंतीवर लागला तेव्हा बाई चष्मा वर करून त्याच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. नवजात विभाग वर. त्याला लागून एक मोठी खोली. मला आनंद झाला. बाईंनी त्या खोलीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "सेमिनार हॉल."

मुलांचे मोठे डॉक्टर वाईट नव्हते. माझ्या मुलाला त्यांनीच वाचवला. ते म्हणाले, "सिस्टर, तपासणीला बाहेरून लोक येतील. शिकवायला खोली नसली तर आम्हाला शिकाऊ डॉक्टरांच्या जागा मिळणार नाहीत. डॉक्टर नसले तर रात्री तुमच्या ह्या पोरांना कोण पाहणार? आयांना खोली हवी, मान्य. पण आधी पोर जगू दे की!"

त्या दिवशी दुपारभर बाई दुपट्यांच्या घड्या घालत माझ्याजवळ बसल्या. "खरं बोलून राहिला तो," एवढंच म्हणाल्या. नकाशावर सही वर्षअखेरीच्या सभेत व्हायची होती, आणि त्याच दिवशी बाई रिटायर होणार होत्या. मला रात्री झोप लागेना. बाई गेल्यावर ते राहिलेलं काम कुणाच्या नावावर चढणार?

तो दिवस आला. फाटकाशी स्ट्रेचर तयार. कुणी तरी त्याला झेंडूची माळ बांधली होती. अध्यक्षसाहेब, नकाशावाले, मोठे डॉक्टर, सगळे जमले. बडी सिस्टर आल्या, माळ सोडून वॉर्डबॉयच्या गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "आज मी निजत नाई. माझ्या मागं या." आणि थेट खालच्या बाळंतिणींच्या वॉर्डात गेल्या.

केशोरीकडची एक तरुण बाई पलंगावरून उतरत होती. ऑपरेशनला थोडेच दिवस झालेले. वरून निरोप आला होता. लिफ्ट थिएटरच्या पेशंटनं अडलेली, आणि ती थांबायला तयार नव्हती. बाईंनी तिला विचारलं, "पोरी, तुझ्या मागं मागं येऊ का आम्ही?"

तिनं एवढ्या कोटवाल्यांकडं पाहिलं. "या ना जी. पर मले घाई हाय. पोरगा रडत असन."

"एक नियम," बाई मागं वळून म्हणाल्या. "तिच्या पुढं कोणी जाणार नाही." पुस्तकातली मराठी. आम्ही समजलो.

ती निघाली. घाईत पहिल्या पायऱ्या भरभर चढली आणि मग कठड्याला धरून थांबली. आम्ही सगळे थांबलो, कुणी या पायरीवर, कुणी त्या. पुन्हा चढली. पुन्हा थांबली. वळणावर ती खालीच बसली. तोंड पांढरं पडलेलं. मी पुढं होऊन तिचा हात धरला. तो घामानं थंड झाला होता. अध्यक्षसाहेबांचे गुडघे दुखायचे, ते उभे राहू शकले नाहीत आणि तिच्या खालच्या पायरीवर टेकले. तिनं मान वळवून पाहिलं. "का झाला जी? तुमाले बी टाके हायेत का?"

"नहीं बेटी," ते म्हणाले. "घुटने."

"मंग लिफ्टनं याचा होता ना," ती म्हणाली आणि उठली.

वर पोचलो तेव्हा आतून रडणं ऐकू येत होतं. ती दारातून आत गेली, दार लागलं. बाहेर पॅसेजमध्ये तीन-चार बाया फरशीवर पडल्या होत्या. साहेब आलेले पाहून त्या उठायला लागल्या. बाईंनी हातानंच त्यांना निजवलं. आम्हाला उभं राहायला जागा नव्हती, म्हणून कुणी एका पायावर, कुणी भिंतीला टेकून, वाट पाहत राहिलो. बराच वेळ गेला. नकाशावाले घड्याळ पाहायला लागले. बाई म्हणाल्या, "ती आता खाली जाईल. पुन्हा निरोप आला की पुन्हा वर येईल. रात्रीसुद्धा."

मग त्या मोठ्या डॉक्टरांकडं वळल्या. आवाज अगदी साधा. "डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हटलं ते खरं आहे. शिकवल्याशिवाय डॉक्टर येणार नाहीत. तुमचा हॉल झालाच पाहिजे. पण तो खालच्या मजल्यावर करा. विद्यार्थी जिना चढू शकतात, उतरू शकतात. त्यांना टाके नाहीत."

मोठे डॉक्टर जिन्याकडं पाहत राहिले. नकाशावाले म्हणाले, नियमात बसायला हवं. डॉक्टर सावकाश म्हणाले, "नियमात हॉल त्याच इमारतीत हवा असं आहे. त्याच मजल्यावर हवा असं कुठं आहे?" आणि स्वतःशीच हसल्यासारखं केलं. अध्यक्षसाहेबांनी एकच विचारलं, "सिस्टर, कब तक?"

"मोह पडायच्या आधी नाई म्हणत. इमारत आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या रोवणीच्या आत."

सभेत त्यांचा सत्कार झाला, शाल दिली. भाषण करा म्हटलं तर उठल्या आणि म्हणाल्या, "आयांची खोली. नाव..." आणि थांबल्या. माझ्याकडं पाहिलं. "नाव, रत्नागिरी." माझ्या हातातला आलूबोंडा खाली पडला.

खोली झाली. रोवणीच्या आत झाली नाही, पोळ्याला झाली. मी फोन केला, बाई, पलंग आले, पडदे आले, फार सुंदर झालंय. तिकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. "झालं ते नोको सांगू," त्या म्हणाल्या. "राहिलं ते सांग." मी म्हटलं, बाप लोक अजून फाटकाबाहेर बसतात. "मग?" म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्या साली सभेत मी पहिल्यांदा स्वतःहून उठले. "बाप लोकांची सोय. नाव, मी." बसायला बाकं झाली.

मागच्या पावसाळ्यात बडी सिस्टर त्यांच्या गावी धानाच्या शेतात, बांधीच्या धुऱ्यावर पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. भावानं आमच्याच दवाखान्यात आणलं. फाटकाशी मी उभी होते. स्ट्रेचर तेच नव्हतं, ढकलणारी पोरंही नवी, त्यांना ही म्हातारी कोण ते ठाऊक नव्हतं. फाटक, कॅज्युअल्टी, एक्स-रे. बाई डोळे मिटून होत्या. लिफ्टच्या फटीत चाक आदळलं.

"धक्का," त्या म्हणाल्या.

"दुखलं का आजी?" शिकाऊ डॉक्टरनं विचारलं.

"मले नाई. लिहून घे."

तो गोंधळून माझ्याकडं पाहायला लागला. मी मान हलवली, घे लिहून. त्यानं खरंच खिशातून पेन काढला.

वर हाडांच्या वॉर्डाकडं वळायच्या आधी आयांची खोली लागते. दार उघडं होतं. "थांबवा," बाई म्हणाल्या आणि मान उचलली. भर दुपार. पलंगांवर बाया निजल्या होत्या, अगदी मेल्यासारख्या, तोंडं उघडी, केस सुटलेले. एक तेवढी जागी होती, भिंतीला टेकून पोराला पाजत. पलीकडच्या काचेआड पेट्यांचे दिवे लागले होते. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जात होतं, ते मी पदरानं टिपलं.

"निजल्या," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

त्यांनी डोकं पुन्हा उशीवर टेकलं. "तो दाराजवळचा पंखा आवाज करून राहिला, रत्नागिरी."

"पोळ्यापर्यंत करते, बाई," मी म्हटलं.